सर, गो-अराउंड!

गॅदरिंगच्या आदल्या रात्रीची गोष्ट. एकांकिकेची रंगीत तालीम चालू होती आणि लाइटची जबाबदारी माझ्याकडे होती. फायनल इयर इलेक्ट्रिकल, त्यामुळे आपल्याला कोण काय शिकवणार, असा आव होताच! चार हॅलोजन, प्रत्येकी हजार वॉटचे, आणि सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. त्या बोर्डाची दीड एमएमची वायर गुंडाळीवर तशीच, जेमतेम दोन हात उलगडलेली. हिशोबाला कॅल्क्युलेटरही लागत नाही. चार हजार भागिले दोनशे तीस, म्हणजे सतरा अँपिअरच्या वर. आणि गुंडाळलेल्या वायरमधली उष्णता बाहेर जाऊ शकत नाही, हे मी स्वतः व्हायवात सांगून मार्क घेतलेले.

मदतीला सेकंड इयर मेकॅनिकलचा एक मुलगा होता. तो आधी म्हणाला, "दादा, वायर गरम लागतेय." मी म्हटलं, "लागणारच." थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, जास्तच गरम आहे." मी म्हटलं, "अरे, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे!" तिसऱ्यांदा त्याने विचारलं, "दादा, बंद करू का?" मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्टेजवर नायक मरत होता, आता लाइट कसे बंद करणार?

पाच-सात मिनिटांत गुंडाळीतून धूर निघाला. पडदा तिथून दोन हातांवर. मी "अरे, अरे" करत उभा. तेवढ्यात मागच्या दाराशी बसलेले वॉचमन काका उठले आणि त्यांनी सरळ मेन स्विच खाली ओढला. कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी घेतली नाही. हॉलमध्ये अंधार, नायकाच्या शिव्या, आणि वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास.

दुसऱ्या दिवशी गॅदरिंग छान झालं. सगळे विसरले. माझ्या डोक्यातून मात्र ते "बंद करू का?" जाईना. त्याच सुमारास मी मंगळूरच्या विमान अपघाताबद्दल वाचत होतो (विमानांचं वेड शाळेपासूनचं), आणि एका वाक्यापाशी थांबलो. तिथेही तीन वेळा सांगून झालं होतं.

पण त्याआधी विमान उतरतं कसं ते थोडक्यात सांगतो. धावपट्टीकडे येणाऱ्या शेवटच्या उतरणीला अप्रोच म्हणतात. ही उतरण साधारण तीन अंशांची असते. म्हणजे प्रत्येक नॉटिकल मैलाला सुमारे ३०० फूट खाली. प्रवासी जेटचा वेग १४० नॉट धरला, तर मिनिटाला साधारण साडेसातशे फूट. करून बघा, त्रिकोणमिती अकरावीचीच आहे. याचा अर्थ हजार फुटांवरून जमिनीला टेकेपर्यंत हातात फक्त ऐंशी सेकंद असतात. म्हणून नियम असा, की ढगाळ हवेत हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान 'स्टेबल' असलंच पाहिजे. चाकं खाली, फ्लॅप्स ठरल्याप्रमाणे, वेग बरोबर, उतार बरोबर, आणि खाली येण्याचा दर मिनिटाला हजार फुटांच्या आत. यातलं एक जरी बसत नसेल, तर उतरायचं नाही. इंजिनांना पुन्हा ताकद द्यायची, वर जायचं, फेरी मारायची आणि नव्याने यायचं. याला म्हणतात गो-अराउंड. खर्च काय? दहा-पंधरा मिनिटं आणि थोडं इंधन.

'थोडंसं सांभाळून घेऊ' इथे का चालत नाही? कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. वेग दहा टक्के जास्त, तर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा एकवीस टक्के जास्त. आणि मागे राहिलेली धावपट्टी काही परत मिळत नाही.

आता मंगळूर. २२ मे २०१०, पहाट. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७. कॅप्टनच्या गाठीशी दहा हजार तासांहून जास्त उड्डाण. पण उड्डाणात बराच वेळ तो झोपलेला होता, हे कॉकपिटच्या रेकॉर्डिंगवरून कळलं. मंगळूरचं रडार त्या दिवसांत बंद होतं, त्यामुळे खाली यायला उशीर झाला. विमान धावपट्टीजवळ पोचलं तेव्हा ते असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. स्टेबल सोडाच, कशाचाच मेळ नव्हता. को-पायलटने गो-अराउंड करायला सांगितलं. एकदा नाही, तीन वेळा. जमिनीची सूचना देणारी यंत्रणाही ओरडत होती. कॅप्टनने अप्रोच सोडला नाही. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ५,२०० फूट गेल्यावर. टेकल्यावर रिव्हर्स थ्रस्ट लावला, आणि मग मध्येच पुन्हा उडायचा प्रयत्न केला. धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे पठारावरची, पुढे दरी. १६६ पैकी १५८ माणसं गेली.

चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. मराठी वाचकांना हे नाव नवीन नाही. समितीने मुख्य कारण स्वच्छ लिहिलं: को-पायलटने तीनदा सांगूनही आणि यंत्रणेने इशारे देऊनही कॅप्टनने अनस्टेबल अप्रोच सोडून दिला नाही.

दहा वर्षांनी पुन्हा तेच. ७ ऑगस्ट २०२०, कोळिकोड. पुन्हा दुबईहून येणारं विमान, पुन्हा बोइंग ७३७, पुन्हा टेबलटॉप, आणि वर पाऊस. कॅप्टन होते दीपक साठे. हवाई दलातले माजी विंग कमांडर, अ‍ॅकॅडमीत सोर्ड ऑफ ऑनर मिळवलेले. मुंबई-नागपूरशी नातं असलेल्या या माणसासाठी त्या वेळी महाराष्ट्र हळहळला होता, आणि ते अगदी योग्यच होतं. पहिल्या प्रयत्नात त्यांनी गो-अराउंड केला होता. म्हणजे ते माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्या वेळी उलट्या बाजूने आले तेव्हा वारा पाठीमागून, सुमारे १४ नॉटचा. विमान टेकलं ते ८,८५८ फुटांच्या धावपट्टीची निम्मी लांबी संपल्यावर. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

२०२१ मध्ये आलेला अहवाल मी दोनदा वाचला. त्यात को-पायलटबद्दल जे लिहिलंय ते वाचून गॅदरिंगची रात्र परत आठवली. त्याला धोका कळला होता. आधी त्याने ठरलेल्या शब्दांऐवजी मोघम शब्दांत सुचवून बघितलं, मग गो-अराउंड म्हटलं. कॅप्टनने प्रतिसाद दिला नाही. आणि को-पायलटने कंट्रोल्स आपल्या हातात घेतले नाहीत. का? अहवाल म्हणतो, दोघांमधल्या अधिकाराचा चढ फार उभा होता. कॅप्टन इतका वर आणि को-पायलट इतका खाली, की सगळं समजत असूनही हात पुढे गेला नाही.

इथे कुणी म्हणेल, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. मला तसं वाटत नाही. मान ठेवायचा तर तो अहवाल नीट वाचूनच. त्याच अहवालात कंपनीच्या चुकाही आहेत. कोळिकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान न्यायचं म्हणून त्यांना तिथेच उतरायची ओढ होती. क्रूला एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण नीट दिलेलं नव्हतं. वायपरही धड चालत नव्हता. एका माणसाच्या डोक्यावर सगळं फोडून मोकळं होणं सोपं आहे, पण मग तिसऱ्या अपघाताची वाट बघायची.

आता मुद्द्यावर येतो. असं काही वाचलं की आपण लगेच काय शिकतो? 'ज्युनिअरने धीटपणे बोललं पाहिजे.' पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या लेक्चरला हेच सांगतात. स्पीक अप, बी कॉन्फिडंट वगैरे. पण बघा, मंगळूरचा को-पायलट बोलला होता. कोळिकोडचाही बोलला, उशिरा का होईना. आमचा सेकंड इयरचा मुलगाही तीनदा बोलला. कुठेच कुणी गप्प नव्हतं! मग उणं काय होतं? ऐकणारा. आणि ऐकलं नाही तर पुढे काय करायचं, याचा नियम.

माझं म्हणणं एवढंच आहे. धीट ज्युनिअर तयार करणं हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा म्हणजे सीनिअरवर बंधन, की 'थांबा' ऐकलं की थांबायचंच. आधी थांबायचं, वाद नंतर. आणि तो थांबला नाही, तर ज्युनिअरने मेन स्विच ओढायचा, आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारायचा नाही.

हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. विमानवाले हे रक्त सांडून शिकलेत. २८ डिसेंबर १९७८ ला अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं एक डीसी-८ विमान जवळपास तासभर घिरट्या घालत होतं. चाकांमध्ये काहीतरी बिघाड वाटत होता आणि कॅप्टन त्यातच गुंतलेला. बाकीचे दोघं इंधनाबद्दल अधूनमधून बोलत होते, पण 'कॅप्टन, इंधन संपतंय, आत्ता उतरा' असं कुणी ठणकावून सांगितलं नाही. विमानात बिघाड होता तो किरकोळ. पडलं ते इंधन संपून. दहा माणसं गेली. पुढच्याच वर्षी नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि त्यातून सीआरएम नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. आधी त्यातला सी 'कॉकपिट'चा होता, नंतर 'क्रू'चा झाला. विमान चालवायला एक हुशार माणूस पुरत नाही, सगळ्यांची डोकी वापरावी लागतात, हे त्याचं सार.

त्याचा उपयोग होतो का? १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्याच एका डीसी-१० चं शेपटीतलं इंजिन फुटलं आणि तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम्स गेल्या. म्हणजे स्टिअरिंगही नाही आणि ब्रेकही नाही अशी बस घाटात. कॅप्टन अल हेन्स यांनी काय केलं? प्रवाशांत त्यांच्याच कंपनीचा एक प्रशिक्षक वैमानिक बसला होता, त्याला आत बोलावून थ्रॉटल्स त्याच्या हातात दिले. चौघांनी मिळून, फक्त इंजिनांची ताकद कमी-जास्त करत, विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ माणसं वाचली. हेन्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले, की पूर्वीचा 'कॅप्टन म्हणेल तेच' हा खाक्या चालू असता, तर हे जमलं नसतं. माझ्या मते कॅप्टन असावा तो असा.

आणखी एक पळवाट बंद करतो. कोरियन एअरचं विमान १९९७ मध्ये ग्वामला उतरताना डोंगरावर आदळलं, २२८ माणसं गेली. त्यानंतर बरंच लिहिलं गेलं, की आशियाई लोक वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत म्हणून असं होतं. आपणही लगेच मान डोलावतो, 'आपली संस्कृतीच अशी.' पण पोर्टलंडचे सगळे वैमानिक अमेरिकन होते! मंगळूरचा कॅप्टन सर्बियाचा होता. तेव्हा संस्कृतीच्या नावावर खपवू नका. जिथे एकाच्या हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्याच्या हातात फक्त तोंड असतं, तिथे हे होतंच. आपल्याकडे 'अहो सर' म्हणून सुरुवात करावी लागते, एवढाच काय तो फरक.

आणि सगळ्यात दचकवणारी गोष्ट पुढेच आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेने पाहणी केली तेव्हा आढळलं, की अनस्टेबल अप्रोचपैकी जवळपास ९७ टक्के वेळा वैमानिक गो-अराउंड न करता उतरतातच. नियम पाठ, परीक्षा पास, तरीही! कारण बहुतेक वेळा निभावून जातं. निभावलं की वाटतं, आपण बरोबर होतो. मागच्या वर्षीही त्याच बोर्डावर चार हॅलोजन लावले होते, काही झालं नव्हतं. मी तरी वेगळं काय केलं?

म्हणूनच शहाण्या विमान कंपन्यांनी नियम केलाय, की गो-अराउंडबद्दल कुणाला शिक्षा नाही. आणि ज्युनिअरसाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत. आधी आकडा सांगायचा: 'वेग जास्त आहे.' दुसऱ्यांदा सांगूनही काही झालं नाही, तर 'आय हॅव कंट्रोल' म्हणून विमान ताब्यात घ्यायचं. आकडा सांगायचा, हे महत्त्वाचं. 'सर, जरा बघता का?' यात सर काय बघणार? 'सर, फील्ड रिओस्टॅट पूर्ण इन आहे, सप्लाय देऊ नका' असं म्हटलं की बघावंच लागतं.

आता आपल्याकडे येऊ. मशीन्स लॅबमध्ये किती जण हे दुसरं वाक्य बोलतात? कनेक्शन चुकलंय हे बॅचमधल्या एकाला तरी कळलेलं असतं. पण टर्मवर्कचे मार्क सरांच्या हातात, आणि बोललं की "शहाणा आहेस का?" ऐकावं लागतं. म्हणून तो शेजाऱ्याच्या कानात सांगतो. शेजारी हसतो. सप्लाय ऑन होतो. फ्यूज उडतो तेव्हा सगळ्यांना 'मला माहीत होतं' हे आठवतं. वर्कशॉपमध्ये तर फ्यूजऐवजी बोट जाऊ शकतं.

हॉस्टेलवर काय वेगळं आहे? फर्स्ट इयरच्या मुलाने "दादा, बादलीतला रॉड चालू आहे" म्हटलं, तर आधी विचारलं जातं, "इंट्रो दिलास का?"

तर माझी सूचना अशी आहे, विद्यार्थ्यांना आणि स्टाफलाही. प्रत्येक लॅबमध्ये, वर्कशॉपमध्ये आणि गॅदरिंगच्या स्टेजवर एकच शब्द ठरवू: 'थांबा.' तो कुणीही म्हणू शकतो. फर्स्ट इयरचा मुलगा, लॅब असिस्टंट, वॉचमन काका, कुणीही. म्हटला की हातातलं काम थांबणार, स्विच बंद होणार, आणि मग तपासायचं. तपासल्यावर सगळं ठीक निघालं, तर "बरं झालं सांगितलंस" एवढंच म्हणायचं. हसायचं नाही, मार्क कापायचे नाहीत. दुसऱ्यांदा म्हणूनही थांबलं नाही, तर म्हणणाऱ्याने स्वतः मेन बंद करायचा. सप्लाय देण्याआधी ज्याने कनेक्शन केलं नाही त्याने ते मोठ्याने वाचून दाखवायचं, हे तर उद्यापासूनही करता येईल.

काही सर म्हणतील, अशाने शिस्त राहणार नाही, उठसूट कुणीही थांबवेल आणि प्रॅक्टिकल पुरं होणार नाही. शंका रास्त आहे. पण कॅप्टनचा अधिकार यात कुठेच जात नाही. विमान कुठे न्यायचं, कसं न्यायचं, हे तोच ठरवतो. फक्त 'थांबा' हा एक शब्द हुद्द्याच्या बाहेर ठेवायचा. कारण गो-अराउंड चुकला तर दहा मिनिटं जातात. लँडिंग चुकलं तर परत फिरता येत नाही. दोन चुकांची किंमत इतकी वेगळी असताना स्वस्त चूक करायला कुणाची परवानगी कशाला लागावी? वर्षभरात दहा वेळा उगीच थांबलो तरी प्रॅक्टिकलचे दोन-तीन तास जातील. तेवढा वेळ तर आपण सबमिशनच्या रांगेत घालवतो!

आणि मित्रांनो, स्वतःला को-पायलट समजून हा लेख वाचत असाल, तर परत एकदा वाचा. आज सरांपुढे आपण ज्युनिअर आहोत, पण फर्स्ट इयरच्या मुलासमोर आपणच कॅप्टन आहोत. दोन वर्षांत साइटवर, शॉप फ्लोअरवर आपल्या हाताखाली माणसं असतील. आपल्यापेक्षा कमी शिकलेली, पण वायरला हात लावून बघितलेली. ती "साहेब, गरम लागतंय" म्हणतील. तेव्हा आपण वर बघणार का?

त्या सेकंड इयरच्या मुलाची मी नंतर माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे ना दादा, पण मीच बंद करायला पाहिजे होतं." मी म्हटलं, नाही रे. तू तीनदा सांगितलंस. ऐकायचं काम माझं होतं.

यंदाच्या गॅदरिंगला लाइट तोच बघणार आहे. गुंडाळी पूर्ण उलगडून.

– एक विद्यार्थी, बी. ई. इलेक्ट्रिकल